मालगाडीला इंजिन किती लागतं? फाटकावर उभं राहून करायचा हिशोब

दोन वर्षांमागच्या श्रावणात एका मालगाडीपायी मी पाच प्लेट तर्री-पोहे हरलो. आमचं गाव वर्धा-बल्लारशा लाइनीला लागून आहे. फाटक बंद, पावसाची झड लागलेली, आणि कोळशाची भरलेली गाडी सिग्नल लाल म्हणून चढावर उभी. टपरीवरच्या एका पोरानं विचारलं, "भाऊ, एवढा लोड हे एकटं इंजिन वढन काय जी?" मी मोबाइलवर आकडेमोड केली, आकडे जुळले, आणि छातीठोक सांगितलं की जाते. पैज लागली. सिग्नल पिवळा झाला, इंजिनानं जोर धरला, चाकं जागच्या जागी गरगर फिरली, पुन्हा थांबली, पुन्हा फिरली. गाडी चार हातही पुढे गेली नाही. शेवटी मागच्या स्टेशनातून दुसरं इंजिन आलं, त्यानं मागून रेटा दिला तेव्हा कुठं ती हलली.

माझा गुणाकार चुकला नव्हता. एक आकडा मी धरलाच नव्हता. तो कोणता, ते हिशोबाच्या ओघात येईल. ज्यांना गाड्या बघायचा नाद नवीन लागलाय, वाघिणी (मालगाडीचे डबे) मोजून झाल्या आणि आता "पुढे काय" असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

घोडे सगळ्यात शेवटी

नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हॉर्सपॉवरचा. हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. शंकरपटात वाऱ्यासारखी पळणारी जोडी बघितलीय ना? तीच जोडी भरल्या कापसाच्या बंडीला जुंपून काळ्या मातीच्या वावरातून बाहेर काढायला सांगा. त्या कामाला थोराड, जड, पाय रोवून उभे राहणारे बैल लागतात. पळण्याचा दम वेगळा आणि ओढण्याचा जोर वेगळा.

इंजिनांतही तेच. डब्ल्यूडीजी-४ हे डिझेल इंजिन सुरुवातीला ४,००० हॉर्सपॉवरचं आलं आणि डब्ल्यूएजी-९ हे विजेचं इंजिन ६,१२० हॉर्सपॉवरचं. पण जागेवरून निघताना डिझेलवालं ५४० किलोन्यूटन जोर लावतं आणि विजेचं ४६०. घोडे कमी, ओढ जास्त. (इंजिनावरची अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, म्हणजे मालाचं इंजिन.) किलोन्यूटनच्या भानगडीत पडायचं नसेल तर ९.८ने भागा, टनांत उत्तर मिळतं. मी पुढे सगळीकडे टनच वापरतो.

आधी वजन

गाडीचं वजन अंदाजानं सांगायची गरज नाही, ते वाघिणीवरच रंगवलेलं असतं. फाटकावर गाडी हळू चालली असेल तेव्हा वाघिणीच्या अंगावर बघा. रिकाम्या वाघिणीचं वजन लिहिलेलं असतं आणि ती किती माल नेऊ शकते तेही. तिथंच अकरा आकडी नंबर असतो. त्यातला पाचवा-सहावा आकडा म्हणजे वाघीण बनवल्याचं साल. याचा वजनाशी संबंध नाही, पण एकदा कळलं की नजर तिथं गेल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे वणी, घुग्घुस, माजरी भागातून कोळसा घेऊन जाणाऱ्या रेकमध्ये (एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या माळेत) बॉक्सएनएचएल नावाच्या उघड्या वाघिणी बऱ्याच दिसतात. एक वाघीण रिकामी २०.६ टन, भरलेली जास्तीत जास्त ९१.६ टन. चार अ‍ॅक्सल (चाकांच्या जोडीचा आस), प्रत्येकावर २२.९ टन. अशा ५८ वाघिणी आणि मागे गार्डाचा ब्रेक व्हॅन मिळून सुमारे ५,३३० टन झाले. त्यात कोळसाच ४,१०० टनांच्या वर.

५८च का, शंभर का नाही? एका वाघिणीची लांबी जवळपास ११ मीटर, ५८ वाघिणी म्हणजे ६३६ मीटर, वर इंजिन आणि ब्रेक व्हॅन. स्टेशनातल्या लूप लाइनीची, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या रुळाची, प्रमाणित लांबी ६८६ मीटर. गाडी बाजूला घेतली की शेपूट मेन लाइनीवर राहायला नको, एवढं साधं कारण.

दोन गोष्टींनी फसगत होते. एक, पावसात भिजलेला कोळसा वाघिणीवर लिहिलेला आकडा वाचत नाही. पाणी आत मुरतं आणि वजन वाढतं. दुसरी, रिकामा रेक. तोच ५८ वाघिणींचा रेक रिकामा असेल तर १,२०० टनांच्या आसपास बसतो. लांबी तेवढीच, म्हणून लोक म्हणतात "केवढी मोठी गाडी, आणि इंजिन एकच". लांबी बघून कधी बोलू नका.

मग चढ

आपल्या भागात कोणाला विचारलं तर म्हणेल, इथं कुठला आलाय चढ, सगळं सपाट. डोळ्यांना सपाटच दिसतं. रेल्वेच्या कडेला एक बुटका खांब असतो, त्याला एक किंवा दोन हात, त्यावर आकडा. हात वर गेलेला असेल तर चढ, खाली झुकलेला असेल तर उतार. २०० लिहिलं असेल तर २०० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची वाढते. वावरात पाणी कुठं साचतं हे ज्याला कळतं त्याला एवढा उतार कळेल, बाकीच्यांना नाही. इंजिनाला मात्र पुरेपूर कळतो.

नियम सोपा आहे. १,००० भागिले खांबावरचा आकडा, तेवढे किलो दर टनामागे. २०० असेल तर टनाला ५ किलो. १५० असेल तर ६.६७. १०० असेल तर १०. म्हणजे टनभर ओझं २०० मध्ये १ च्या चढावर धरून ठेवायला ५ किलोचा जोर लागतो. वळण असेल तर दर अंशाला टनामागे ०.४ किलो वाढवा. पण अगदी सुरुवातीला वळणं सोडून दिली तरी चालेल.

पूर्ण मार्गाचा सरासरी चढ काढत बसू नका, त्याचा काही उपयोग नाही. गाडी अडते ती सगळ्यात अवघड तुकड्यावर. त्या तुकड्यालाच रेल्वेवाले रूलिंग ग्रेडियंट म्हणतात, आणि इंजिन त्याच्या मापानं ठरतं. मुंबईकडच्या बोरघाटात आणि थळघाटात तो ३७ मध्ये १ आहे, म्हणजे टनाला २७ किलो. आपली कोळशाची गाडी तिथं नेली तर नुसत्या चढापायी १४४ टन जोर लागेल. म्हणून घाटात मागून बँकर इंजिनं लावतात. आपल्याला जवळचा घाट बघायचा असेल तर इटारसीकडून येताना धाराखोह ते मरामझिरी. सातपुडा चढून बैतुलच्या पठारावर यायचा तो टप्पा, खिडकीतून बघण्यासारखा.

हलवणं वेगळं, चालवणं वेगळं

सपाट रुळावर भरलेली वाघीण एकदा चालायला लागली की तिच्यासारखी गरीब गोष्ट नाही. लोखंडावर लोखंड, रोलर बेअरिंग. ताशी ६० किलोमीटर वेगाला टनामागे दीड किलोच्या आसपास जोर पुरतो. पण थांबलेली गाडी हलवायची म्हणजे टनामागे ४ किलो धरा, आणि इंजिनाच्या स्वतःच्या वजनासाठी ६. बेअरिंगमधलं ग्रीस बसलेलं असतं, ब्रेक सगळीकडे सारखे सुटलेले नसतात, आणि ५८ वाघिणी एकदम हलवायच्या असतात.

एकदम म्हणजे अगदी एकदम नाही. पुढच्या वेळी फाटकावर असाल तेव्हा गाडी निघताना डोळे मिटून कान द्या. इंजिनाकडून "खण्ण" असा एक आवाज येतो, मग दुसरा, तिसरा, आणि तो आवाज वाघिणीमागून वाघीण आपल्याकडे धावत येतो, समोरून जातो आणि ब्रेक व्हॅनपर्यंत विरत जातो. प्रत्येक कपलिंगमधली, म्हणजे दोन वाघिणी जोडणाऱ्या सांध्यातली, थोडीशी ढील भरून निघत असते. इंजिन चाललेलं असतं आणि शेवटची वाघीण अजून उभीच असते. ही ढील चांगला लोको पायलट बरोबर वापरतो. झटका देऊन नव्हे, हळूहळू ताणत. हिसका दिला तर कपलिंग तुटतं आणि मग अर्धी गाडी इथं, अर्धी तिथं.

आता माझ्या पैजेचा हिशोब मांडू. खांबावर २०० होतं. हलवायला ४ आणि चढाला ५, म्हणजे टनामागे ९ किलो. ५,३३० गुणिले ९ बरोबर ४७,९७० किलो. इंजिन डब्ल्यूएजी-९एच, म्हणजे वरच्या डब्ल्यूएजी-९ चाच जड भाऊ, वजन १३२ टन. त्याचे ६ अधिक ५, म्हणजे ११ किलो दराने १,४५२. बेरीज ४९.४ टन. हे इंजिन निघताना सुमारे ५२ टन जोर लावतं. ५२ मोठा, ४९.४ लहान, गाडी जाते. म्हणून मी पोहे लावले.

पकड: जिथं मी आपटलो

इंजिनात जोर किती आहे ही एक गोष्ट. तो जोर रुळाला लागतो का ही दुसरी. रोहिणी नक्षत्रात कोरड्या धुऱ्यावरून ट्रॅक्टर बिनघोर जातो, आणि श्रावणात तोच ट्रॅक्टर त्याच जागी चाक फिरवत खड्डा पाडत बसतो. ट्रॅक्टरचे घोडे कमी झालेले नसतात, मातीची पकड गेलेली असते.

इंजिनाचं चाक रुळाला टेकतं ती जागा नाण्याएवढी. पकड किती मिळेल ते इंजिनाच्या वजनावर अवलंबून. कोरड्या, स्वच्छ रुळावर आजची थ्री-फेज विजेची इंजिनं आपल्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के जोर रुळाला लावू शकतात, कारण चाक घसरायला लागलं की त्यांचं यंत्र क्षणात जोर कमी करून पुन्हा पकड घेतं. जुन्या इंजिनांत हे एवढं बारकाईनं होत नसे. पण रूळ ओला झाला, त्यावर कोळशाची भुकटी आणि तेलाचा ओशटपणा बसला, की तो आकडा खाली येतो. हिशोबाला पाव धरा, २५ टक्के.

आता बघा. मला ४९.४ टन हवे होते. १३२ टनांच्या इंजिनाकडून एवढे काढायचे तर ३७ टक्के पकड लागते. कोरड्या उन्हाळ्यात जमलं असतं, जेमतेम. त्या दिवशी झडीत १३२ चा पाव, म्हणजे ३३ टन हाताला लागणार होते. सोळा टन कमी. इंजिनानं वाळू सोडली, चाकासमोर रुळावर बारीक वाळू सोडायची सोय त्यात असतेच. तिचा आवाज आणि चाकाखालचा करकर आवाज मला टपरीवर ऐकू येत होता. पण सोळा टनांची भरपाई वाळूनं होत नाही. मागून दुसरं तसंच इंजिन लागलं तेव्हा दोघांचं वजन २६४ टन झालं, पाव धरली तरी ६६ टन. मग गाडी हलणारच.

त्याच रुळावरून त्याच वजनाच्या गाड्या पावसाळ्यात रोज जातात, त्या कशा? त्या थांबत नाहीत म्हणून. ताशी ६० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीच्या अंगात एवढा वेग साठलेला असतो की चढाचं सगळं ओझं त्यावर टाकलं तर ती १४ मीटर उंची चढून मग थांबेल. २०० मध्ये १ च्या चढावर १४ मीटर म्हणजे २.८ किलोमीटर. आमच्याकडचे चढ त्याहून लहान आहेत. गाडी पळत येते, चढावर थोडी मंदावते आणि निघून जाते. लोको पायलट चढाआधी वेग घेतात तो उगाच नाही. त्या दिवशी लाल सिग्नलनं हा साठाच काढून घेतला. म्हणून चढावर सिग्नल कुठं उभा आहे हेही वहीत लिहून ठेवा. थांबून निघायचं की पळत जायचं, यावर उत्तर बदलतं.

आता हॉर्सपॉवर

सूत्र असं: जोर किलोमध्ये, गुणिले वेग ताशी किलोमीटरमध्ये, भागिले २७०. उत्तर हॉर्सपॉवर.

सपाट रुळावर ६० च्या वेगाला आपल्या गाडीला इंजिनासकट साधारण ८,५०० किलो जोर लागतो. गुणिले ६०, भागिले २७० म्हणजे १,९०० च्या आसपास. पाच हजार टनांची गाडी आणि दोन हजारसुद्धा घोडे नाहीत! पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी तीनदा तपासला होता.

तीच गाडी २०० मध्ये १ च्या चढावर ४० च्या वेगानं न्यायची तर जोर ३४ टन आणि घोडे ५,०००. ६० च्या वेगानं न्यायची तर ८,००० जवळ. ६,१२० वालं इंजिन तिथं ६० ठेवू शकत नाही, ते ४५ ते ५० च्या दरम्यान कुठंतरी स्थिरावेल. गाडी जाईल, हळू जाईल. घोडे कमी पडले तर वेळ जातो, पकड कमी पडली तर गाडीच जात नाही. आणि सेक्शनमध्ये मागे पॅसेंजर खोळंबली असेल तर हळू जाणंही महागात पडतं, म्हणून रेल्वेला घोडे हवेच असतात.

एक सावधगिरी. कोणतंही इंजिन सगळ्या वेगांना आपला पूर्ण जोर देत नाही. निघताना जोर सर्वांत जास्त, वेग वाढेल तसा तो उतरत जातो. याचा प्रत्येक इंजिनाचा आलेख असतो. तो मिळाला तर त्यावरच बघावं, सूत्र फक्त अंदाजासाठी.

इंजिन वाढवायचं तर कुठं लावायचं

पुढे दोन इंजिनं जोडली की जोर दुप्पट होतो, पण तो सगळा पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर येतो. चार-पाच इंजिनं पुढेच लावत गेलात तर कपलिंग दगा देईल. शिवाय ब्रेकची हवा इंजिनातून शेवटच्या वाघिणीपर्यंत पाइपनं पोचायला वेळ लागतो. म्हणून खूप लांब गाड्यांत इंजिनं मध्ये-मध्ये पेरतात. २०२० च्या जुलैत नागपूर विभागातून कोरब्याला 'शेषनाग' गेली. चार रिकामे रेक, २५१ वाघिणी, २.८ किलोमीटर लांब, चार ठिकाणी इंजिनं. १५ ऑगस्ट २०२२ ला कोरब्याहून राजनांदगावला 'सुपर वासुकी' आली, म्हणजे आपल्या गोंदियाच्या अलीकडे-पलीकडे म्हणा. ती भरलेली होती. २९५ वाघिणी, २५,९६२ टन, ६ इंजिनं. भागाकार करा: एका इंजिनाच्या वाट्याला ४,३०० टन. आपल्या एकट्या इंजिनाला ५,३३० होते. वरवर राक्षसी दिसणारी गाडी प्रत्यक्षात दर इंजिनामागे हलकी होती.

गाड्या बघताना रुळात उतरू नका. वर २५,००० व्होल्टची तार असते, आणि रुळात शिरणं रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे. फाटकाच्या अलीकडून सगळं दिसतं.

हातासाठी एक गणित

तीच ५,३३० टनांची गाडी, पण खांबावर १५०. थांबून निघायचंय. तुमच्याकडे दोन पर्याय. एक, डब्ल्यूएजी-१२, मधेपुऱ्याला बनणारं १२,००० हॉर्सपॉवरचं जोड-इंजिन, ज्याची देखभाल नागपूरला अजनीत होते. वजन १८० टन, निघतानाचा जोर ७२ टन. दुसरा, दोन डब्ल्यूएजी-९एच, मिळून १२,२४० घोडे, वजन २६४ टन. घोडे जवळपास सारखे.

हलवायला ४ आणि चढाला ६.६७, टनामागे १०.६७ किलो. गाडीचे ५६.९ टन. इंजिनाचे १२.६७ च्या दराने, पहिल्या पर्यायात २.३ आणि दुसऱ्यात ३.३. म्हणजे एकीकडे ५९.२ टन हवेत, दुसरीकडे ६०.२. कोरड्या रुळावर दोन्ही पर्याय चालतात, डब्ल्यूएजी-१२ ला ३३ टक्के पकड पुरते आणि जोडीला २३. आता झड लावा आणि पाव धरा. डब्ल्यूएजी-१२ च्या हाती ४५ टन, गाडी जागेवर. जोडीच्या हाती ६६ टन, गाडी निघाली.